इंग्रजी म्हणी नेमक्या अर्थासह कशा शिकाव्यात: मराठी जोडी सर्वांत शेवटी

इंग्रजी म्हणींची वही बहुतेक जण एकाच पद्धतीने भरतात. डावीकडे इंग्रजी म्हण, उजवीकडे तिच्या जोडीची मराठी म्हण, मध्ये उभी रेघ, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पन्नास जोड्यांची घोकंपट्टी. अशा वह्या मी गेली अनेक वर्षे तपासतो आहे, आणि मला सर्वांत अधिक खटकते ती त्यांतील एखादी चुकीची जोडी नव्हे, तर वही भरण्याचा क्रम. मराठी म्हण आधी लिहिली की इंग्रजी म्हण वाचायची गरजच उरत नाही. तिच्यातले शब्द, तिच्यातली वस्तू, ती बोलणारा माणूस यांपैकी काहीही न पाहता आपण तिला ओळखीचा मुखवटा चढवून मोकळे होतो. पुढे पत्रात, मुलाखतीत किंवा परदेशातील कार्यालयात ती म्हण वापरली जाते तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उमटतो. म्हणून खाली दिलेले टप्पे याच क्रमाने करावेत आणि जोडीचा रकाना सहाव्या टप्प्यापर्यंत कोरा ठेवावा.

पूर्वतयारी

एका बैठकीत पाचांपेक्षा अधिक म्हणी घेऊ नयेत. प्रत्येक म्हणीला वहीचे एक पूर्ण पान द्यावे आणि त्यावर पाच शीर्षके लिहून ठेवावीत: पाठ, शब्द, वस्तू, प्रसंग, जोडी. शेवटचे शीर्षक पेन्सिलीने लिहावे, कारण त्याखालचा मजकूर पुष्कळदा खोडावा लागतो.

हाताशी शब्दांचे जुने अर्थही देणारा इंग्रजी-इंग्रजी कोश असावा. केवळ इंग्रजी-मराठी कोशावर हे काम होत नाही, कारण म्हणींतील शब्द बहुधा आज मागे पडलेल्या अर्थाने आलेले असतात. मराठी बाजूसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आणि मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही उपयोगी पडतात. मोल्सवर्थ यांनी मराठी म्हणींचा अर्थ इंग्रजीत सांगितलेला असल्यामुळे तो जोडी तपासण्यासाठी विशेष कामाला येतो.

वही भरण्यापूर्वी म्हण आणि वाक्प्रचार वेगळे करावेत. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ हा वाक्प्रचार आहे; त्याला कर्ता लागतो आणि कर्ता व काळ यांप्रमाणे त्याच्या क्रियापदाचे रूप बदलते (‘लेट्स’, ‘विल लेट’). ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ ही म्हण आहे. ती काल घडलेल्या गोष्टीबद्दलही जशीच्या तशी म्हटली जाते.

पडताळा: वाक्य भूतकाळात नेऊन पाहावे. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हे वाक्य पूर्ण दिसते, पण ‘इट वॉज रेनिंग’ असे सहज होते, म्हणून तो वाक्प्रचार ठरतो. उलट ‘लाइक फादर, लाइक सन’ यात क्रियापदच नाही, तरी तिचे रूप बदलत नाही, म्हणून ती म्हणच आहे.

टप्पा १: पाठ पक्का करावा

म्हण आठवणीतून लिहू नये. कोशात पाहून अक्षरशः लिहावी. इंग्रजी म्हणीतला एक शब्द गळाला तरी अर्थ सरकतो. ‘मनी इज द रूट ऑफ ऑल ईव्हल’ असे सर्रास लिहिले जाते. बायबलमधील मूळ वाक्य मात्र ‘लव्ह ऑफ मनी’, म्हणजे पैशाचा लोभ, असे आहे. पैसा वाईट आणि पैशाचा लोभ वाईट या दोन विधानांत किती अंतर आहे हे कोणत्याही मराठी घरात वेगळे सांगावे लागणार नाही.

याच पानावर म्हणीचे अर्धे रूपही लिहावे. इंग्रजी बोलणारी माणसे ओळखीची म्हण क्वचितच पूर्ण करतात. ‘व्हेन इन रोम’ एवढे म्हणून ती थांबतात आणि उरलेले ‘डू अ‍ॅज द रोमन्स डू’ ऐकणाऱ्याने मनात पूर्ण करायचे असते. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ आणि ‘टू मेनी कुक्स’ यांचेही तसेच होते. पूर्ण म्हण पाठ असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष संभाषणात ती ओळखू येत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

सावधान: समाजमाध्यमांवर म्हणींची ‘खरी आणि पूर्ण रूपे’ फिरत असतात. ‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन’ या म्हणीला ‘अनेकदा हा माणूस एकाच कलेत पारंगत असलेल्यापेक्षा सरस ठरतो’ अशा अर्थाची शेपटी जोडलेली दिसते. अशा पुरवण्या बहुधा नंतर जोडलेल्या असतात. त्यांच्यामुळे म्हणीचा अर्थ उलटा होतो, म्हणून कोशात नसलेली शेपटी वहीत उतरवू नये.

टप्पा २: प्रत्येक शब्दाचा त्या म्हणीतला अर्थ शोधावा

या टप्प्यात घाई करणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होते, आणि तेही सोप्या शब्दांपाशी. अवघड शब्दासाठी आपण कोश उघडतो. सोपा शब्द मात्र आपल्याला फसवून जातो.

‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’ यातील ‘लाइट’ म्हणजे प्रकाश नव्हे, हलके. अनेक हात लागले की काम हलके होते. ‘व्हेअर देअर इज अ विल, देअर इज अ वे’ यातील ‘विल’ म्हणजे मृत्युपत्र नव्हे, इच्छा. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’ यातील ‘इन टाइम’ म्हणजे वेळेवर, आणि ‘नाइन’ म्हणजे नऊ टाके. उसवलेल्या शिवणीला वेळेवर एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी ‘वेळेत घातलेला टाका नऊ जणांना वाचवतो’ असेही वाचले आहे. ज्याने ते लिहिले त्याच्या घरी शिवणयंत्र होते. त्याने म्हणीकडे एकदाही त्या यंत्राच्या बाजूने पाहिले नव्हते.

‘यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट टू’ ही म्हण कित्येकांना निरर्थक वाटते, कारण ‘हॅव’ म्हणजे खाणे असे त्यांनी न्याहारीच्या संदर्भात ऐकलेले असते. येथे ‘हॅव’ म्हणजे जवळ राखून ठेवणे. केक खाल्ला की तो शिल्लक राहत नाही. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. १५४६ साली छापलेल्या जॉन हेवूड यांच्या म्हणींच्या संग्रहात हा क्रम उलटा, म्हणजे आधी ‘ईट’ आणि मग ‘हॅव’ असा आहे. त्या क्रमाने वाचल्यास अर्थ चटकन उमगतो.

‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’ यात ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा नव्हे, तर कसोटी. पदार्थ कसा झाला हे खाऊन पाहिल्यावरच कळते. मात्र हाच जुना अर्थ घेऊन ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ या म्हणीवर चालून जाऊ नये. मराठीत आपण ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ असे म्हणतो आणि नियमाविरुद्ध एखादे उदाहरण निघाले की ते झटकून टाकण्यासाठी हे वाक्य वापरतो. म्हणीचे मूळ कायद्याच्या लॅटिन वचनात आहे आणि तिचा आशय वेगळा आहे. एखाद्या रस्त्यावर ‘रविवारी येथे वाहने उभी करण्यास परवानगी आहे’ अशी पाटी असेल, तर इतर सहा दिवस परवानगी नाही हा नियम न लिहिताही सिद्ध होतो. रविवारचा अपवाद मुद्दाम सांगावा लागला, म्हणूनच मागे नियम आहे हे कळले. पाटीचे हे उदाहरण वहीत लिहून ठेवले तर म्हण पुन्हा चुकत नाही.

‘चॅरिटी बिगिन्स अ‍ॅट होम’ यातील ‘चॅरिटी’ म्हणजे आजच्या अर्थाने देणगी नव्हे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द प्रेम, दया या अर्थाने आला आहे, आणि म्हणीतही तोच सूर आहे: दयेचा आरंभ घरच्या माणसांपासून व्हावा. येथे ‘बिगिन्स’ महत्त्वाचे आहे. दया घरी सुरू होते. ती घरीच संपवावी असे म्हण सांगत नाही.

पडताळा: म्हणीतील प्रत्येक नाम आणि क्रियापद यांच्याखाली मराठी अर्थ लिहून सरळ वाक्य तयार करावे. ते वाक्य व्यवहारात खरे वाटत नसेल, तर एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला आहे असे समजावे.

टप्पा ३: म्हणीतली वस्तू डोळ्यांसमोर आणावी

म्हण इंग्लंडच्या शेतात, स्वयंपाकघरात किंवा लोहाराच्या भट्टीपाशी जन्मलेली असते. ती वस्तू तेथे कशी वागते हे कळल्याशिवाय अर्थाचा जोर कळत नाही.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ घ्यावी. गवत कापून वाळवायचे आणि हिवाळ्यासाठी साठवायचे, एवढे आपल्यालाही माहीत आहे. परंतु मावळात किंवा कोकणात गवत कापले जाते ते पावसाळा सरल्यावर, आणि त्यानंतर बहुधा कोरडे दिवसच समोर असतात. इंग्लंडमध्ये गवत ऐन उन्हाळ्यात कापतात, आणि तेथे उन्हाळ्यातही पाऊस केव्हाही येतो. कापलेले गवत ओले झाले की कुजते, म्हणून सलग चार कोरडे दिवस मिळाले की सगळे घर शेतात उतरते. ही निकड म्हणीत आहे. तिच्यात दुसऱ्याचा फायदा उपटण्याचा भाव मुळीच नाही, आणि सहाव्या टप्प्यात हे लक्षात ठेवावे लागेल.

‘वन स्वॉलो डझ नॉट मेक अ समर’ यातील ‘स्वॉलो’ म्हणजे गिळणे नव्हे. तो भिंगरी हा पक्षी आहे. भिंगऱ्या आफ्रिकेतून वसंत ऋतूत इंग्लंडला परततात, म्हणून पहिली भिंगरी दिसली की लोकांना हवाहवासा उन्हाळा आल्यासारखा वाटतो. पण एका पक्ष्यावरून ऋतू ठरत नाही. महाराष्ट्रात भिंगऱ्या हिवाळी पाहुण्या म्हणून येतात आणि तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात, शिवाय उन्हाळा आपल्याला नकोसा असतो. त्यामुळे ही म्हण आपल्या अनुभवाच्या दोन्ही बाजूंनी उलटी पडते. एका शुभ चिन्हावरून मोठा निष्कर्ष काढू नये, हा तिचा भाव पानावर स्पष्ट लिहावा.

‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’ मात्र ग्रामीण वाचकाला शहरी वाचकापेक्षा लवकर कळते. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचा ओठ वर करून दात पाहते आणि दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला (सगळे दात आलेला) हे ठरवून किमतीवर येते. घोड्याचेही वय दातांवरूनच ओळखतात. कोणी भेट दिलेल्या जनावराचे तोंड उघडून वय तपासणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान करणे, हे बाजारात उभे राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ ‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ या म्हणीत होतो. आपल्याकडे शेवाळ म्हणजे पावसाळ्यात पायरीवर साचणारी, पाय घसरवणारी घाण. साहजिकच मराठी विद्यार्थी लिहितो की सतत फिरणाऱ्या माणसाच्या अंगाला मळ लागत नाही. म्हणीच्या जुन्या अर्थात शेवाळ ही चांगली गोष्ट आहे: एका जागी स्थिरावल्याने मिळणारा पैसा, आप्त, पत. जो सारखा धंदा आणि गाव बदलतो त्याच्या हाती काही लागत नाही, असे ती बजावते. पुढे, विशेषतः अमेरिकेत, फिरत राहणे चांगले असा दुसरा अर्थही रूढ झाला. म्हणून ही म्हण वाचनात आली की मागचापुढचा मजकूर पाहून अर्थ ठरवावा, आणि स्वतः लिहिताना आपला अर्थ पुढच्या वाक्यात उघड करावा.

पैशाच्या म्हणींसाठी एक आकडा माहीत असावा. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये एका पौंडाचे २४० पेनी होत. ‘पेनी वाइज अँड पाउंड फूलिश’ या म्हणीतील वेडेपणा किती मोठा, हे त्यावरून कळते.

टप्पा ४: वाक्याची घडण उलगडावी

काही म्हणींत प्रत्येक शब्द समजतो आणि तरीही अर्थ नेमका उलटा निघतो. तेथे दोष रचना न उलगडण्याचा असतो.

‘स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड’ यात दोन आज्ञा दिसतात: छडी वापरू नका आणि मूल बिघडवा. प्रत्यक्षात पहिला भाग अट आहे आणि दुसरा तिचा परिणाम: छडी टाळाल तर मूल बिघडेल. येथे ‘अँड’चे मराठी ‘आणि’ नव्हे, ‘तर’ असे करावे. (छडीचा सल्ला आज मान्य करण्याजोगा नाही, पण म्हणीचा अर्थ सांगताना आपले मत तिच्या तोंडी घालू नये.)

‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ याचे शब्दशः मराठी ‘चकाकणारे काहीच सोने नसते’ असे होऊ शकते, आणि मग सोनेसुद्धा सोने राहत नाही. नकार ‘ऑल’वर आहे: चकाकणारे सगळेच सोने असते असे नाही.

‘इट इज अ‍ॅन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड’ ही सर्वांत अवघड. सरळ वाचली तर ‘हा असा वाईट वारा आहे की जो कोणाचेच भले करत नाही’ असे वाटते. इंग्रजीच्या या जुन्या घडणीत अभिप्रेत अर्थ असा असतो: जो कोणाचेच भले करत नाही तो वारा खरोखर फारच वाईट असला पाहिजे, आणि इतका वाईट वारा बहुधा नसतोच. थोडक्यात, एकाला बाधक ठरणारी घटनाही दुसऱ्या कोणाला तरी लाभते. एका जहाजाला अडवणारा वारा दुसऱ्याला बंदरात आणतो, एवढे चित्र मनात ठेवावे. ‘इट इज अ लाँग लेन दॅट हॅज नो टर्निंग’ हीदेखील याच घडणीची आहे: वळणच नसलेली वाट फारच लांब म्हणावी लागेल, म्हणजे प्रत्येक वाटेला केव्हातरी वळण येते आणि वाईट दिवस पालटतात.

पडताळा: ‘इट इज अ’ ने सुरू होऊन मध्ये ‘दॅट’ आलेली म्हण दिसली की सरळ वाचलेला अर्थ उलट करून पाहावा आणि दोहोंपैकी कोणता अर्थ शहाणपणाचा ठरतो ते तपासावे.

टप्पा ५: कोण, कोणाला, केव्हा म्हणतो ते लिहावे

‘प्रसंग’ या शीर्षकाखाली एक छोटा संवाद लिहावा. त्यात बोलणारा, ऐकणारा आणि घटना असावी.

‘बेगर्स कान्ट बी चूझर्स’ ही म्हण स्वतःबद्दल, मित्रांत, हसत म्हटली तर चालते. एका उमेदवाराने नोकरीच्या अर्जात ‘मला कोणतीही शाखा चालेल’ हे सांगण्यासाठी ती घातली होती. त्याला नम्रता दाखवायची होती. वाचणाऱ्याला मात्र दिसले की हा माणूस स्वतःला याचक आणि देऊ केलेल्या जागेला भीक म्हणतो आहे. ‘यू कान्ट टीच अ‍ॅन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स’ ही म्हण वयाने मोठ्या सहकाऱ्याला, तो नवी संगणकप्रणाली शिकत असताना, कधीही ऐकवू नये. तो स्वतःबद्दल म्हणाला तर हसावे आणि धीर द्यावा.

याउलट ‘एव्हरी डॉग हॅज हिज डे’ यातील कुत्र्याला शिवी समजू नये. इंग्रजीत येथे कुत्रा म्हणजे साधासुधा, दुर्लक्षित जीव; त्याचाही एक दिवस येतो, असे म्हण सांगते. तरीही एखाद्याला उद्देशून म्हणण्यापेक्षा ती सर्वसाधारण विधान म्हणून वापरावी.

टप्पा ६: आता मराठी जोडी शोधावी

पहिले चार रकाने भरल्यावर जोडी तीन प्रकारची निघते. पानावर तिच्यासमोर ‘पूर्ण’, ‘अर्धी’ किंवा ‘फसवी’ असा शेरा लिहावा.

पूर्ण जोड्या थोड्या आहेत आणि त्या सापडल्या की आनंद होतो. ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’. ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. ‘डोन्ट काउंट युअर चिकन्स बिफोर दे आर हॅच्ड’ आणि ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’. या शेवटच्या जोडीत चित्रे अगदी भिन्न आहेत, पण हाती न आलेल्या गोष्टीवर आधीच हिशेब मांडण्याचा वेडेपणा तोच आहे. जोडी चित्रावरून नव्हे, अशा आशयावरून ठरवावी.

अर्धी जोडी म्हणजे चित्र तेच, पण सूर वेगळा. ‘अ ड्राउनिंग मॅन विल क्लच अ‍ॅट अ स्ट्रॉ’ आणि ‘बुडत्याला काडीचा आधार’ या दोन्हींत बुडणारा आहे, काडी आहे. मराठी म्हणीत त्या काडीला आधार म्हटले आहे. संकटात अल्पशी मदतही मोलाची वाटते, असा तिचा सूर असतो. इंग्रजी म्हणीत काडी निरुपयोगी आहे आणि माणूस अगतिकपणे तिला धरू पाहतो आहे. मदत करणाऱ्याचे आभार मानताना मराठी म्हण शोभते; तिच्या जागी इंग्रजी म्हण लिहिली तर त्याच्या मदतीला कुचकामी म्हटल्यासारखे होते.

फसव्या जोड्या मात्र वहीतून काढून टाकाव्यात. ‘चॅरिटी बिगिन्स अ‍ॅट होम’ समोर ‘आधी पोटोबा मग विठोबा’ लिहितात; एकीत घरच्यांवरची माया आहे, दुसरीत स्वतःची भूक. ‘पेनी वाइज अँड पाउंड फूलिश’ समोर ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ लिहितात. पहिलीतला माणूस लहान रक्कम वाचवण्याच्या नादात मोठी गमावतो, तर दुसरीत मूळ वस्तूपेक्षा तिच्यावरचा खर्च जास्त होतो. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ समोर ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ आणि ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ समोर ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’ या जोड्या तर सर्वत्र दिसतात. दोन्ही मराठी वाक्प्रचारांत आयत्या संधीवर आपला स्वार्थ साधण्याचा वास आहे. लोहार मात्र लोखंड लालबुंद असेपर्यंत घण घालतो, कारण थंड झालेले लोखंड वाकत नाही; त्यात स्वार्थ नाही, कामाची वेळ आहे.

जोडी न मिळाल्यास रकान्यात साध्या मराठीत आशय लिहावा. ओढूनताणून आणलेल्या म्हणीपेक्षा ते अधिक प्रामाणिक असते, आणि परीक्षकालाही म्हण समजल्याचे त्यातूनच दिसते.

टप्पा ७: वापर

लिखाणात म्हणीचे शब्द बदलू नयेत आणि तिला मागे-पुढे मुद्द्याचे वाक्य जोडावे. एका पत्रात एकच म्हण पुरे. परीक्षेतील कल्पनाविस्तारासाठी आधी म्हणीतले चित्र एका वाक्यात, मग आशय, मग स्वतःच्या अनुभवातला प्रसंग आणि शेवटी तिची मर्यादा, असा क्रम ठेवावा. मर्यादेसाठी विरुद्ध म्हण शोधावी. ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’ समोर ‘टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ’ ठेवली की लक्षात येते, भात लावणीला अनेक हात हवेत, पण आमटीच्या मिठाला एकच. ‘आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड’ (नजरेआड झालेले मनाआडही होते) आणि ‘अ‍ॅब्सेन्स मेक्स द हार्ट ग्रो फॉन्डर’ (दुराव्याने ओढ वाढते) यांवरही असेच लिहिता येते.

अखेरचा पडताळा आठ दिवसांनी घ्यावा. पानावरील पाठ आणि जोडी झाकून फक्त प्रसंग वाचावा आणि त्यात बसणारी इंग्रजी म्हण मोठ्याने म्हणावी. ती आठवली नाही किंवा दुसरीच आठवली, तर पानाचा कोपरा दुमडून ठेवावा आणि पुढच्या बैठकीत त्या म्हणीचे काम तिसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे तिच्यातल्या वस्तूपासून, पुन्हा सुरू करावे.